राखेचं घमेलं

आलापल्लीच्या जंगलात कुत्र्याचं पिल्लू पाळायचं म्हणजे बिबट्याला आवतणच. म्हणून सुकरीनं भुऱ्याला घरी आणलं त्याच दिवशी त्याला रीत लावली. दिवेलागण झाली की पिल्लू घरात, कोंबड्यांच्या डालग्याखाली. पहिल्या रात्री ते असं केकाटलं, की तिचा नवरा लटारू वैतागला, "फेकून दे ना वं याले, झोप नाई का काई नाई." सुकरीनं डालग्यावर आपलं जुनं लुगडं टाकलं आणि बोटं आत घालून बाजूलाच पडली. हाताचा वास लागला तसं पिल्लू निजलं.

राहिला मुताचा प्रश्न. रात्री दार उघडायची छाती कोणाची? तिनं कोपऱ्यात फुटकं घमेलं मांडून त्यात चुलीची राख भरली. पिल्लू जमीन हुंगायला लागलं की उचलायचं नि राखेत ठेवायचं. झालं की पाठ थोपटायची, भाकरीचा तुकडा द्यायचा. चुकलं तर मारायचं नाही, पुसून टाकायचं. पुढं पुढं डालगं उचललं की भुऱ्या आपण होऊन राखेकडं जाई. शेजारचा म्हातारा पोचू म्हणे, "तुह्या नवऱ्यापेक्षा लवकर शिकला." सुकरीचा जीव त्या पिल्लात गुंतला होता, त्यात लपवायचं काय?

लटारूचा जीव मात्र जंगलखात्याच्या बंगल्यावर चौकीदारी मिळवण्यात. तिथला साहेब गावात आला, त्यानं बायकोसाठी भुऱ्याला मागितलं, आणि या शहाण्यानं "घेऊन जा मालक" म्हणून टाकलं. बायकोला विचारायचं कशाला? सुकरी भांडली, रडली. शेवटी पिल्लू लटारूच्या हाती देताना तिनं बजावलं, "त्याले राख लागते. बंगल्यावर एक घमेलं ठेवाले सांगजा. रातच्यानं बाहेर सोडू नोका म्हनावं. सांगान ना?"

"सांगतो ना, बापा."

चार दिवसांनी बंगल्याचा स्वैपाकी नूर मोहम्मद तिच्या दारात आला. डोकं खाली घालून त्यानं सांगितलं ते असं. बंगल्याच्या दिवाणखान्यात इंग्रजांच्या वेळची भिंतीतली शेकोटी आहे. थंडीचे दिवस, शेकोटीत राख. भुऱ्यानं हुंगत हुंगत ती गाठली आणि शिकवल्याप्रमाणं केलं. अगदी शिकवल्याप्रमाणं. बाईसाहेबांनी नाकाला पदर लावला. साहेबानं त्याला मानगुटीला धरून व्हरांड्यात टाकलं आणि दार लावून घेतलं.

"बहुत रोया, बाई. दार खरवडत होता. सकाळी पायरीवर बिबट्याच्या पायाचे ठसे नि रक्त." जाता जाता तो म्हणाला, "घमेल्याचं तर आमाले कोनी बोल्लंच नाई."

संध्याकाळी लटारू आला तो अंगात खाकी कोट घालून. चौकीदारी मिळाली होती. काखेत एक नवं पिल्लू होतं.

"राखेचं काऊन नाई सांगतलं?" सुकरीनं विचारलं.

लटारू पिल्लाला कुरवाळत राहिला. "सायबाले का मुताच्या गोष्टी सांगाच्या? लाज वाटली मले. आता जाऊ दे ना. सायब म्हनते, याले चांगलं शिकवून द्या. बाहेर जाले शिकव म्हनते."

सुकरीनं पिल्लाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"माह्यं ऐकलं म्हनून मेला तो," ती म्हणाली. "याले तुमीच शिकवा. सायबापुढं तोंड बंद ठेवाचं तुमाले चांगलं जमते."