फेअर केलेली डायरी

सुहासिनीबाईंना एकच खोड होती, फेअर करायची. मिनिस्ट्रीत एकवीस वर्षं नोकरी झालेली, पण साहेबाचा कच्चा खर्डा हातात आला की तो सुरेख अक्षरात उतरवल्याशिवाय बाईंना चैन पडायचं नाही. राजधानीत, सरोजिनी नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाणसामानाची यादीसुद्धा दोनदा लिहिली जायची. असो, ज्याची त्याची हौस! पण ही हौस लेकीच्या डायरीपर्यंत पोचली आणि तिथे सगळा घोळ झाला.

लेक इशिता नववीत, शाळेच्या गाइड पथकात. प्रवेश झाला, मग एकेक करत तिन्ही सोपान, म्हणजे पुढच्या पायऱ्यांच्या परीक्षा, पार झाले, आणि आता राज्य पुरस्काराची परीक्षा आली. दहावीच्या मुलींना ही शाळा शिबिराला सोडत नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं. सेवाकार्य म्हणून वर्षभर दर रविवारी ती मार्केटच्या तोंडाशी चुकलेल्या मुलांच्या टेबलावर बसली. त्या मरणाच्या गर्दीत आईचा हात सुटलेली पोरं रडत यायची. ही त्यांना बिस्किट द्यायची, माइकवरून नाव पुकारायची, आणि आईबाप सापडले की आपल्या डायरीत त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्यायची. कुणी सही करायचं, कुणी अंगठा उठवायचं. एका आजीने नुसतंच 'खुश रहो' लिहिलं होतं.

डायरीचा अवतार मात्र बघवत नव्हता. चहाचे डाग, बिस्किटाचा चुरा, कोपरे दुमडलेले. पालकसभेत सुहासिनीबाईंनी इतर मुलींची सेवाकार्याच्या नोंदींची चकचकीत लॉगबुकं पाहिली आणि घरी येऊन तोंड सोडलं.

"ही गचाळ वही घेऊन जाणार तू? माझं नाक कापशील!"

"राहू दे ना यार, आई. अशीच चालते."

"बिल्कुल नाही. मी फेअर करून देते."

दोन दिवस रजा टाकून बाईंनी पोरीचं अख्खं वर्ष नव्या वहीत उतरवलं. निळी शाई, लाल मथळे, पट्टीने आखलेला समास. सह्या-अंगठे उतरवता येईनात, ते गाळले. तेवढ्यात खाली कबाडीवाला ओरडला. ऑफिसात फेअर प्रत झाली की कच्चा कागद ठेवायचा नसतो. त्याच सवयीने बाईंनी जुनी वही वर्तमानपत्रांबरोबर देऊन टाकली आणि नवी गुपचूप इशिताच्या बॅगेत सरकवली. वर स्वतःवर खूश!

परीक्षेचं शिबिर शहराच्याच दुसऱ्या टोकाला, द्वारका वस्तीत होतं. गाठी, प्रथमोपचार, तंबू, सगळ्यात इशिता पुढे. शेवटच्या दिवशी लॉगबुकं बघायची होती आणि पालकांनाही बोलावलं होतं. परीक्षक मॅडमनी वही चाळली.

"ये तुमने लिखा है?"

आधीच्या पोरींनी याच प्रश्नाला ठणठणीत 'जी मॅडम' म्हटलं होतं, आणि त्यातल्या कितीजणींच्या वह्या त्यांच्या बापांनी लिहिल्या होत्या ते देवालाच ठाऊक. इशिता म्हणाली, "नहीं मॅडम. काम मैंने किया है, लिखा मम्मी ने है."

मॅडम हसल्या. भल्या होत्या बिचाऱ्या. सुहासिनीबाईंकडे वळून म्हणाल्या, "कोई बात नहीं. असली डायरी ले आइए, जैसी भी हो. मैं शाम तक बैठी हूँ."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. भोवती सगळ्या आया कान टवकारून उभ्या. पोरीची वर्षभराची मेहनत मी रद्दीत घातली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि मग ही बाई, पोटची पोर समोर उभी असताना, म्हणाली, "वो तो इसने खो दी, मॅडम. बहुत लापरवाह है."

इशिताने आईकडे पाहिलं. बघतच राहिली.

"सच है?" मॅडमनी विचारलं.

पोरीने खाली बघत मान हलवली. आईची लाज राखायला ती खोटं बोलली, आणि तेही गाइडच्या गणवेशात.

मॅडमनी वही मिटली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'भरोसेमंद नहीं.' गाइडचा पहिला नियमच विश्वासू असण्याचा, त्यामुळे निकाल वेगळा सांगायची गरजच उरली नाही.

परतीच्या मेट्रोत बाईंना राहवेना. "अगं, खरं सांगायचंस ना! मी काय खाल्लं असतं तुला?"

"तूही होतीस की तिथे," इशिता म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी बाई ऑफिस बुडवून कबाडीवाल्याच्या मागे फिरल्या. माल केव्हाच पुढे गेला होता. घरी येऊन त्या रडल्या, अगदी मनापासून रडल्या. पण मॅडमना फोन करून खरं सांगावं, एवढं धाडस त्या रडण्यात नव्हतं.

आठवड्याने इशिताने एक छापील फॉर्म आईपुढे ठेवला. गाइड पथक सोडायचा अर्ज होता, पालकांनी भरायचा.

"तू भर. तुझं अक्षर छान आहे."

नाव, इयत्ता, पत्ता, सगळं झालं. शेवटचा रकाना, सोडण्याचं कारण. सुहासिनीबाई पेन धरून बसून राहिल्या. इशिता समोरच उभी होती.

मग बाईंनी लिहिलं, 'पढ़ाई का दबाव'. एकही खाडाखोड झाली नाही.