फुंकरीने न उडणारा ठिपका

चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत रांग लागली. ती उदबत्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरून सुरू होऊन जिन्याने खाली आली होती, आणि भाजलेल्या बदकांच्या दुकानाला वळसा घालून थेट माझ्या दारापर्यंत पोचली होती. मकाऊत रांगा लागतात त्या एक तर खाण्यासाठी, नाही तर जुगारासाठी. ही दोन्हींच्या मधली होती. वर फान गुरुजी बसले होते आणि पहिल्या चौसष्ट जणांना एकेक लाल पाकीट देत होते, तेही फुकट.

फुकट म्हटलं की आमची गल्ली विरघळते. एरवी एक जिना चढायलाही कुरकुरणारी माणसं त्या दिवशी दोन-दोन तास उभी होती. वर गुरुजींचं चालूच होतं. समुद्राच्या तळाशी झोपलेला ड्रॅगन यंदा कूस बदलणार होता म्हणे. ज्याच्याकडे त्याचं पोट त्याला बँकर फळणार आणि ज्याच्याकडे पाठ त्याला प्लेअर, म्हणजे बॅकरॅटच्या जुगारात पैसे लावायच्या दोन बाजू. ड्रॅगनचं पोट कुठे आणि पाठ कुठे, हे फक्त गुरुजींना दिसत होतं. ते समुद्रात कधी उतरले होते, हे कुणी विचारलं नाही.

"मी पैसे मागत नाही," ते म्हणत. "जिंकलात तर दहावा हिस्सा देवापुढे ठेवा. हरलात तर माझं तोंडसुद्धा बघू नका."

लोकांना हा माणूस केवढा सचोटीचा वाटला! मला मात्र त्याची गंमत वाटली, कारण एकतीस वर्षं मी कॅसिनोत बॅकरॅटच्या टेबलावर पत्ते वाटले आहेत. आता निवृत्त झाल्यावर नव्या पोरींना पत्ते कसे वाटायचे ते शिकवतो. लोक मला चिओ सर म्हणतात आणि तोंडाळ म्हणतात, दोन्ही खरं आहे.

पाकिटात एकच शब्द असायचा, बँकर किंवा प्लेअर. बंदरापाशी एका कॅसिनोत मोठं दालन आहे. मधोमध एक डीलर पत्ते वाटते आणि भोवती दोनशे खुर्च्या, प्रत्येकीपुढे स्वतःचा पडदा. शेजारच्याने कशावर बोट ठेवलं ते दिसत नाही. तिथे पहिल्या दिवशी दुपारी बारानंतरचा पहिला डाव खेळायचा, बरोबरी झाली तर पुढचा, आणि उठायचं. जिंकेल त्याने संध्याकाळी यावं आणि दुसऱ्या दिवसाचं पाकीट न्यावं. पाकीट एकट्याने उघडायचं, कुणाला दाखवायचं नाही.

ही शेवटची अट सांगायचीही गरज नव्हती. लाल पाकीट चारचौघांत उघडणं आमच्यात असभ्य समजतात, लहान मुलंसुद्धा ते घरी जाऊन फोडतात. आणि वर्षाच्या पहिल्या पंधरा दिवसांत "हरलो" हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, अपशकुन होतो. म्हणजे जिंकलेला गल्लीभर ओरडत फिरणार आणि हरलेला दाराला कडी लावून घरात बसणार. फान गुरुजींनी जादू काही केली नाही. त्यांनी फक्त आमच्या चांगल्या चालीरीती कामाला लावल्या.

पाचव्या दिवशी संध्याकाळी लिओंग वहिनी माझ्याकडे आल्या. आमच्या इमारतीच्या तळाशी त्यांचा भाताच्या पेजेचा गाळा आहे. त्यांचा नवरा लिओंग सेक माझा जुना मित्र, बस चालवायचा. गेला त्याला सात वर्षं होत आली होती.

"भाऊजी, पाचही डाव बरोबर आले," त्या हळूच म्हणाल्या. "पाचही. सांगा, असं कसं होईल?"

त्यांना पैशांची एवढी घाई का, ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे जमीन थोडी आणि मेलेले फार. सात वर्षं झाली की थडगं रिकामं करावं लागतं. घरच्यांनी अस्थींसाठी भिंतीतला कोनाडा घेतला तर ठीक, नाही तर त्या जाळून सगळ्यांच्या एकत्र कुंडात टाकतात. सेकची मुदत या वसंतात संपत होती. वहिनींनी पेज विकून नव्वद हजार जमवले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतला एकट्याचा कोनाडा येत होता. दुप्पट झाले तर जोडीचा येणार होता.

"एवढी वर्षं रोज पहाटे तीनला तो बसवर आणि मी चुलीवर," त्या म्हणाल्या. "एका जागी बसलो असे दिवस किती? मेल्यावर तरी बसू."

सहावं पाकीट त्यांच्या पिशवीत होतं. ते एक दिवस सोडून सातव्या दिवशी सकाळी उघडायचं होतं आणि त्या दिवशी हातात येईल त्या पहिल्या डावावर असेल नसेल ते लावायचं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी मी माझ्या शिकवणीच्या खोलीत गल्लीला चहाला बोलावलं. निरोपात लिहिलं होतं की गुरुजींचं पहिलं पाकीट घेऊन या. पाकीट पंधराव्या दिवसापर्यंत कुणी फेकत नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या खिशात ते होतंच. चौसष्ट जणांपैकी तेवीस आले. माझ्या हिरव्या टेबलाभोवती ते लग्नाला आल्यासारखे नटून उभे राहिले.

आधी मी त्यांना खेळ सांगितला, कारण त्यातल्या निम्म्यांना आयुष्यभर खेळूनही तो ठाऊक नव्हता. दोन बाजू, दोघांना दोन-दोन पत्ते. एक्का म्हणजे एक, दहा आणि चित्रं म्हणजे शून्य. बेरीज नऊच्या वर गेली तर शेवटचा आकडा धरायचा, नऊ आणि पाच चौदा म्हणजे चार. नऊच्या जवळ जाईल तो जिंकला. तिसरा पत्ता घ्यायचा की नाही हे आधीच ठरलेलं असतं, कुणाच्या मर्जीवर नाही. बरोबरीचे डाव सोडले तर शंभरात बँकर एक्कावन्न वेळा येतो आणि प्लेअर एकोणपन्नास वेळा. म्हणूनच बँकरवर जिंकलात की कॅसिनो त्यातले पाच टक्के कापून घेतो. बरोबरीवर लावलात तर आठपट देतात, पण ती शंभरात नऊ-दहा वेळाच होते. तिथे तर तुम्हाला सोलूनच काढतात.

"म्हणजे कुठेही लावलं तरी जवळजवळ छापा-काटा," मी म्हटलं, "आणि थोडा थोडा कॅसिनोचा. तिथे ड्रॅगनला बसायला जागाच नाही. आता पाकिटं उघडा."

कुणी हलेना. चारचौघांत पाकीट उघडायचं म्हणजे कपडे काढायला सांगितल्यासारखं झालं. शेवटी मासेवाला माक होई पुढे आला. हा दांडगा माणूस पाचही डाव जिंकलेला, वहिनींखेरीज उरलेला एकटाच. त्याने आपलं पहिलं पाकीट टेबलावर फोडलं. मग बाकीच्यांनी मान खाली घालून फोडली. अकरा बँकर निघाले आणि बारा प्लेअर.

मी म्हटलं, "बघितलंत? चौसष्टांपैकी बत्तीस जणांना हे आणि बत्तीस जणांना ते. काहीही आलं तरी बत्तीस जिंकणार. त्यांचे सोळा, सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन. दोघं उरणारच होते. जिन्यावर चौसष्ट माकडं उभी केली असती तरी दोन माकडं पाच वेळा बरोबर आली असती. आणि दहावा हिस्सा मात्र दर वेळी जिंकलेल्यांकडून."

कुणीतरी गुरुजींना शिवी घातली. मला वाटलं, झालं काम. मी तिथेच थांबायला हवं होतं, पण मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की थांबलो नाही. वहिनींच्या पिशवीतून सहावं पाकीट डोकावत होतं. मी ते न विचारता ओढलं आणि फाडलं. त्यात प्लेअर होतं. माकनेही चिडून आपलं फाडलं. त्यात बँकर.

दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले. एवढं झाल्यावर लहान मूलसुद्धा समजेल, असं मला वाटलं.

वहिनी बराच वेळ कागदांकडे बघत होत्या. मग माककडे वळून त्यांनी सावकाश विचारलं, "म्हणजे गुरुजींनी तुला चुकीचं दिलं?"

"मला का देतील? तुला दिलंय, मावशे," माक म्हणाला. "गाळणी लावतात ते. शेवटी एकच ठेवतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जे बोललो ते मला आजही पाठ आहे.

"मग जा की दोघं एकाच टेबलावर!" मी म्हटलं. "एकाच डावावर लावा. म्हणजे कळेल ड्रॅगनने कुणाकडे पाठ केली आहे."

मी टोमणा मारला होता. त्यांनी ती पैज धरली.

सातव्या दिवशी सकाळी दहाला आम्ही कॅसिनोत होतो. हे टेबल जुन्या पद्धतीचं होतं. इथे ज्याने जास्त लावलं त्याच्या हातात पत्ते देतात आणि तो कोपरा वाकवून, हळूहळू सोलून बघतो. मी वहिनींना बाहेर ओढत होतो. सेकची शपथ घातली, पाया पडतो म्हणालो. त्यांनी माझा हात झटकला आणि नव्वद हजार प्लेअरवर सरकवले. माकने तेवढेच बँकरवर ठेवले.

वहिनींना राणी आणि पंजा आला, म्हणजे पाच. माकचे नऊ आणि पाच म्हणजे चार. दोघांनाही तिसरा पत्ता लागणार होता. वहिनींनी आपला तिसरा पत्ता बोटांनी इतका चेपला की त्याला सुरकुत्या पडल्या. त्यात तिर्री निघाली. झाले आठ. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि सात वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

माकने त्याचा पत्ता आडवा धरून कड उचलली. कडेला दोन ठिपके दिसले. एकतीस वर्षांच्या नोकरीने मला एका क्षणात सांगितलं की हा एक तर चौका आहे, नाही तर पंजा. चौका निघाला तर आठ-आठ, बरोबरी, सगळ्यांचे पैसे परत. पंजा निघाला तर नऊ. सगळं त्या पत्त्याच्या मधोमध ठिपका आहे की नाही, एवढ्यावर आलं होतं.

आमच्यात नको असलेला ठिपका फुंकर मारून उडवतात. वहिनी टेबलावर ओणव्या झाल्या आणि फुंकू लागल्या, चुलीत फुंकावं तशा, गाल फुगवून. माक मधला ठिपका यावा म्हणून टेबलावर मूठ आपटत होता. आणि माझ्या लक्षात आलं की माझेही ओठ गोल झालेत. मी, पोरींना पहिल्या दिवशी हसून सांगणारा की ठिपका कारखान्यात छापलेला असतो, त्याला वारा लागत नाही, तो मीही फुंकत होतो.

माकने पत्ता उलटला. पंजा होता.

डीलरने वहिनींचे पैसे ओढून घेतले आणि माकला पाच टक्के कापून दिले. तिने वहिनींकडे बघितलं नाही. हे तिला मीच शिकवलं होतं.

माकने दहावा हिस्सा नेऊन दिला. वहिनीही त्या जिन्यावर गेल्या, मी त्यांच्या मागोमाग. गुरुजींनी हात जोडले आणि फार दुःखाने सांगितलं की पाकीट परक्याने फोडलं, तेव्हाच नशीब सांडलं. हे सांगताना त्यांनी बोट माझ्याकडे केलं. गल्लीला ते पटलं. माझ्या खोलीत ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी अकरा आणि बारा मोजले होते, त्यांनाही पटलं.

वसंतात सेकला काढलं. आमच्याकडे पैसे गोळा करून कोनाडा घेता आला असता. मी निम्मे द्यायला तयार होतो, पण वहिनींनी माझ्याकडून एक नाणंही घेतलं नाही. दुपारी त्या कुंडाच्या दगडापाशी उभ्या राहिल्या, वर नाव नाही, तारीख नाही. त्यांनी तिथे पेजेचा वाडगा ठेवला आणि त्या सातव्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"तुम्ही पाकीट फोडलं नसतं तर?"

"तरी पत्ता पंजाच निघाला असता," मी म्हटलं. "तो तुम्ही घरून निघायच्याही आधी गड्डीत होता."

त्यांनी वाडगा दगडाजवळ आणखी सरकवला. त्यांनी मला माफ केलं असं मी समजलो नाही, आणि आजही समजत नाही. ते पाकीट मी ज्या मग्रुरीने ओढलं, ती ठिपक्यासारखीच छापलेली आहे.

पुढच्या नववर्षाच्या पहिल्या दिवशी पुन्हा रांग लागली. या खेपेला गुरुजींनी पाकिटं पहिल्याच सकाळी वाटायला घेतली होती, आणि रांग गेल्या वर्षीपेक्षा लांब होती, कारण माकची गोष्ट बंदरापलीकडे गेली होती. वर माक स्वतः खुर्ची टाकून बसला होता, जिवंत पुरावा म्हणून. मी दारात उभा होतो, बोलायला तोंड नव्हतं. तेवढ्यात वहिनी गाळा तसाच टाकून आल्या. पेजेचे हात एप्रनला पुसत त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चढल्या आणि रांगेकडे वळल्या.

"मी हरले," त्या म्हणाल्या.

वर्षाच्या पहिल्या दिवशी हा शब्द! एका म्हातारीने कान झाकले, कुणी थुंकलं, कुणी म्हणालं हिला खाली ओढा.

"नव्वद हजार हरले. माझा माणूस कुंडात गेला. माक तुम्हाला दिसतो, कारण तो एकटा जिंकला. आम्ही त्रेसष्ट जण दिसत नाही, कारण आम्ही गप्प बसतो." त्यांनी पिशवीतून सहाही पाकिटं काढली आणि उघडून पायरीवर मांडली. "वर जायच्या आधी एवढंच करा. शेजारच्याला विचारा, गेल्या वर्षी तू हरलास का. आणि पाकीट मिळालं की इथेच उघडा, त्याला दाखवा. त्याने लाज जाते, नशीब जात नाही."

मग रांगेच्या मधून एक टॅक्सीवाला, ज्याला मी वीस वर्षं ओळखतो, घसा खाकरून म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी हरलो." मागून एक बाई म्हणाली, "मी तिसऱ्या." असे सात जण बोलले. ते सातजण रांगेतून बाहेर पडले आणि पेजेच्या गाळ्यावर जाऊन बसले.

बाकीचे जिना चढत राहिले. वहिनी पायरीवरून हलल्या नाहीत, आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या त्या उघड्या पाकिटांवरून पाय उचलून जावं लागत होतं.