वॉर्निशच्या आतला स्फटिक

दचकू नका. हवं तर दोन हात लांब बसा, पण ऐका. मी युरेनियमच्या खनिजाचा स्फटिक बोलतोय. रंगाने पिवळट हिरवा, आकाराने काड्यापेटीएवढा आणि स्वभावाने, खरं सांगतो, गप्पिष्ट. फक्त गप्पा मारायला कुणी थांबत नाही.

माझा जन्म खडकाच्या एका भेगेत झाला. शेजारच्या काळ्याकुट्ट दगडातलं युरेनियम पाण्याने विरघळवून आणलं. वाटेत त्याला फॉस्फेट भेटलं, दोघांचं जमलं आणि मी झालो. काचेच्या तावदानांची चळत डोळ्यांसमोर आणा. एकेक तावदान म्हणजे युरेनियम-फॉस्फेटचा पातळ थर. दोन थरांच्या मध्ये थोडं कॅल्शियम आणि पुष्कळ पाणी. हे पाणी आहे तोवर मी मी आहे. ते उडालं की थर आखडतात, सुटतात आणि माझा भुगा होतो.

खाणीतून मी दगडांच्या एका व्यापाऱ्याकडे आलो. माणूस मोठा बोलका. गिऱ्हाईक आलं की दुकानातला दिवा मालवून जांभळा दिवा लावायचा आणि मी हिरवागार उजळलो की लोक वाहवा करायचे. मग मी कोण ते कळलं की सगळे हात खिशात. बाकीचे दगड पुढच्या कपाटात दाटीवाटीने बसलेले. मी मागच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात. व्यापाऱ्याच्या बायकोने बजावूनच ठेवलं होतं, याला हात लावून तसेच जेवायला बसलात तर ताट अंगणात मिळेल. तिचं काही चुकत नव्हतं.

एकदा दुकानात एक संशोधक बाई आल्या. अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन जमिनीत खोल पुरायचं, हा त्यांचा विषय. तिथे कधी ना कधी पाणी पोचणार आणि आसपास फॉस्फेट असलं तर माझ्यासारखी खनिजं तयार होणार. इंधनातून सुटलेलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम आमच्या थरांत अडकेल, की पाण्याबरोबर लोकांच्या विहिरीत जाईल, एवढंच त्यांना पाहायचं होतं. दुसरीकडे मिळालेले माझे भाऊबंद सगळे सुकलेले. धड असा मी एकटा. व्यापाऱ्याने मला कापसात गुंडाळून दिलं.

प्रयोगशाळेत मला साध्या, निरुपद्रवी स्ट्रॉन्शियमच्या पाण्यात ठेवलं. किरणोत्सार वगळला तर त्याची वागणूक किरणोत्सारी स्ट्रॉन्शियमसारखीच. मग क्ष-किरणांखाली पाहिलं. स्ट्रॉन्शियम आत शिरलं असतं तर थरांमधलं अंतर बदललं असतं, पण ते होतं तेवढंच. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. हे खनिज काही धरत नाही असा अहवाल द्यायची वेळ आली. तसा तो गेला असता तर पुरण्याच्या जागेचं सगळं गणित चुकीच्या पायावर उभं राहिलं असतं. आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं, की बाई, दार बाहेरून लावलंय.

शेवटी बाईंनी सुईने माझी कड खरवडली. कांद्याच्या सालासारखा पातळ पापुद्रा वर आला. त्यांनी लगेच व्यापाऱ्याला फोन लावला.

"काका, याला काही लावलंय का तुम्ही?"

"छे हो. नुसता पुसलाय."

"कशाने?"

"वॉर्निशने. आमच्या धंद्यात त्याला पुसणंच म्हणतात. नाहीतर तुमच्या हातात भुगाच आला असता."

बाईंना हसावं की चिडावं कळेना. कारण काका म्हणत होते तेही खरंच होतं. त्या वॉर्निशनेच माझं पाणी राखलं होतं. आता ते काढलं तर उत्तर मिळणार आणि मी फुटणार.

"काढल्यावर राहील का तो?" काकांनी विचारलं.

"अख्खा नाही राहणार."

"मग काढा," काका म्हणाले. "डब्यात तरी कुणाला दिसत होता."

वॉर्निश उतरलं. मी पुन्हा पाण्यात गेलो आणि या खेपेला माझं कॅल्शियम उठून बाहेर पडलं, त्याच्या जागी स्ट्रॉन्शियम येऊन बसलं. क्ष-किरणांचा आलेख पाहून बाई एवढंच म्हणाल्या, "बसलं."

मी आता एका बंद बाटलीत आहे, चार तुकडे आणि थोडा चुरा. बाटलीवर धोक्याची खूण आहे. बाई दुसऱ्या कामाला लागल्या.

जाता जाता एक विनंती. आत बसलेला पाहुणा कायमचा बसला असं समजू नका. वेगळं पाणी आलं तर तो उठूनही जाईल. तुमचं नकोसं झालेलं आम्ही जमेल तितकं धरून ठेवू. पण पुरून, वर माती लोटून, विसरून जाऊ नका. अधूनमधून कुणीतरी येऊन विचारत जा.