मावशी पिशवी उघडत नाही

घाबरले की मला हसू येतं. जन्मापासूनची खोड आहे. यापायी मी शाळेत मार खाल्लाय, माझ्याच लग्नात चुलतसासऱ्यांची मर्जी घालवलीय, आणि परवा तर भर मीटिंगमध्ये माझी दोन वर्षांची मेहनत टांगणीला लागलेली असताना मी फिदीफिदी हसत सुटले.

आमची विम्याची कंपनी, पाच मजल्यांची. चोरांनी इंटरनेटवर मांडलेली खोटी पानं कुणाच्या मशीनला चिकटू नयेत, हे बघणं माझं आणि शेजारच्या टेबलावरच्या शंकासुराचं काम. शंकासुर म्हणजे माझा सहकारी. त्याला कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी तो 'कशावरून?' विचारतो. आमची अडचण अशी की हल्ली इंटरनेटवरची सगळी ये-जा कुलूपबंद असते. कुणी कुठल्या पानाशी काय देवाणघेवाण केली, ते मधल्यांना वाचता येत नाही. आणि ते चांगलंच आहे म्हणा. पण चोरांचे व्यवहारही त्याच कुलपाआड चालतात, मेले!

यावरचा तोडगा मला सुचला तो माझ्या सख्ख्या मावशीमुळे. ती राहते जिन्यासमोरच्या खोलीत. उभ्या आयुष्यात तिने कुणाच्या घरात डोकावून पाहिलेलं नाही, की कुणाची पिशवी उघडलेली नाही. पण कोण कधी आलं, किती वेळ थांबलं, पिशवी येताना जड होती की जाताना, यावरून तिला साऱ्या इमारतीची बित्तंबातमी असते. वरच्या मजल्यावर घरं फोडायला टपलेला भामटा तिनेच पकडून दिला. "अगं, रोज घड्याळ लावल्यासारखा यायचा, दाराला हात लावायचा नि पळायचा. पाहुणा असा येतो का कधी?" म्हणाली.

मीही तेच केलं. कुलूप न उघडता, नुसत्या ये-जा करणाऱ्या माहितीच्या पिशव्यांचा आकार, वेळ आणि दिशा बघून चोर ओळखणारा प्रोग्राम लिहिला. त्याचं नावच ठेवलं 'मावशी'. गेल्या महिन्यात तिने एक बनावट बँकेचं पान पकडलं, तेव्हा मी खुर्चीवर उभी राहून नाचले होते.

आणि मग आला पेटीवाला. गोड बोलणारा, चकचकीत बुटांचा विक्रेता. त्याची पेटी प्रत्येक पिशवी उघडते, आतलं सगळं वाचते आणि पुन्हा बांधून पुढे पाठवते. आमच्या साहेबांना ती जाम आवडली. "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" हे साहेबांचं म्हणणं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिसेप्शनवरची ताई नवरा सोडून गेल्यापासून जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवरून एका समुपदेशक बाईंपाशी मन मोकळं करते. तिने स्वतः मला विश्वासाने सांगितलंय. ते आता ही पेटी वाचणार? पण साहेबांपुढे कोण बोलणार! त्यांनी ठरवून टाकलं की गुरुवारी दुपारी मीटिंग, मावशीची शेवटची परीक्षा. एक जरी चूक झाली तरी मावशी बंद आणि पेटी सुरू.

गुरुवारी सकाळी मी एका कागदावर सही घ्यायला साहेबांच्या केबिनमध्ये गेले. हा माणूस म्हणजे नुसता खडूस. तीन वर्षांत मी त्यांचे दात पाहिलेले नाहीत. पण त्या दिवशी ते स्क्रीनकडे टक लावून बसले होते. सही भलत्याच जागी केली, तीही कागद उलटा धरून, आणि वर म्हणाले, "छान, छान आहे." छान! साहेब! मी बाहेर येऊन शंकासुराला म्हटलं, "साहेबांना ताप आलाय बहुतेक."

"कशावरून?" तो म्हणाला.

दुपारी मीटिंग सुरू झाली. पेटीवाल्याने नमुन्याची पेटी तेवढ्यापुरती आमच्या जाळ्याला जोडली होती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझी मावशी होती, दर मशीनला एक दिवा, सगळे हिरवे. मी बोलायला तोंड उघडते न उघडते तोच एक दिवा लालभडक झाला.

"अगंबाई!" मी म्हटलं आणि मला हसू फुटलं.

लक्षणं सगळी चोराची होती. पान कालच तयार झालेलं, नाव अगडबगड, ओळखीचं प्रमाणपत्र स्वतःच स्वतःला दिलेलं. आपल्या मशीनवरून दर मिनिटाला एक इवलीशी पिशवी तिकडे जातेय, चोराचा हस्तक धन्याला 'काही हुकूम?' विचारतो तश्शी. मधूनच तिकडून भरभरून काहीतरी येतंय. मी आनंदाने किंचाळणारच होते, 'पकडला!' म्हणून. तेवढ्यात माझी नजर मशीनच्या नंबरावर गेली.

तो नंबर मला पाठ होता, कारण मागच्याच महिन्यात त्या मशीनचा कीबोर्ड मी बदलला होता. साहेबांच्या केबिनमधलं मशीन!

"वा!" पेटीवाला हात चोळत म्हणाला. "आता आमची गंमत बघा. एक बटण दाबतो. पुढची पिशवी आली की आत काय आहे ते इथेच, सगळ्यांसमोर, पडद्यावर दिसेल."

"दाबा," साहेब म्हणाले.

बिचाऱ्यांना काही कल्पनाच नव्हती. मी पडद्याकडे पाहिलं. सकाळी एकदा तिकडून भलंमोठं काहीतरी आलं होतं, आणि ती वेळ होती मी सही घ्यायला गेले तेव्हाची. म्हणजे ते 'छान, छान' मला नव्हतं, माझ्या कागदालाही नव्हतं! आणि आलेल्या पिशव्या तरी कशा? एक लांबलचक, एक आखूड, एक मध्येच थबकलेली. चोर असा रेंगाळत नाही. हे काहीतरी साहेबांचं आपलं स्वतःचं होतं, ज्याने त्या खडूस माणसाला 'छान' म्हणायला लावलं होतं. आणि ते आता आम्हा सगळ्यांपुढे उघडं पडणार होतं.

आता माझी पंचाईत बघा. गप्प बसले तर साहेबांची शोभा. बोलले तर मावशी चुकली हे माझ्याच तोंडाने कबूल करायचं, म्हणजे दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

"थांबा!" मी ओरडले आणि पेटीवाल्याचा हातच धरला. "मावशी चुकलीय. हा चोर नाही."

शंकासुर माझ्याकडे बघतच राहिला. या खेपेला 'कशावरून' विचारायचंही त्याला सुचलं नाही.

"चुकली?" पेटीवाल्याचा चेहरा खुलला. "ऐकलंत ना साहेब? बाई स्वतःच म्हणताहेत."

"न उघडता तुम्हाला कसं कळलं?" साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आणि हसताय काय?"

"साहेब, दोन मिनिटं बाहेर येता? प्लीज. तोवर बटण नको."

बाहेरच्या पॅसेजमध्ये मी हसू दाबत दाबत सांगितलं, "साहेब, ते मशीन तुमचं आहे."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग ते केबिनकडे चालू लागले. मी मागोमाग. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर पाळणा होता. पाळण्यात मुठी आवळून झोपलेलं, टोपडं घातलेलं, एवढंसं बाळ.

"नात," साहेब म्हणाले. "परवा झाली."

"अय्या! साहेब!" मी जागच्या जागी उडीच मारली. "पेढे कुठेत?"

"मुलाशी बोलणं नाही तीन वर्षं," ते हळूच म्हणाले. "दोष माझाच. काल रात्री त्याने हे पान बनवून पाठवलं. नुसता पत्ता. खाली एक अक्षर नाही. पाळण्यावर कॅमेरा लावलाय, ती हलली की चित्र हलतं, नाहीतर तसंच राहतं. सकाळी तिने जांभई दिली, तुम्ही आलात तेव्हा."

माझ्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदमच आलं. साहेब स्क्रीनकडे बघत उभे होते. "हे त्या पडद्यावर दिसलं असतं," ते म्हणाले. "त्या माणसाने सगळ्यांना दाखवलं असतं. आणि दाबा म्हणून मीच सांगितलं."

आम्ही परत आत गेलो. साहेबांनी पेटीवाल्याला सांगितलं, "तुमची पेटी सोडवा आणि घेऊन जा."

"पण साहेब, मावशी चुकली ना!"

"चुकली खरी. पण चुकली तरी तिने कुणाचं काही उघडं पाडलं नाही. ती राहील."

मी टाळ्याच वाजवल्या. भर मीटिंगमध्ये, एकटीनेच. शंकासुराने मला खाली ओढून बसवलं. पुढे मी आणखी काय केलं असतं ते त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी सगळे आवराआवर करत होते. ताई पर्स खांद्याला लावून निघाली होती. तेवढ्यात तोच दिवा पुन्हा लाल झाला. साहेबांच्या केबिनचं दार बंद होतं. मी वाकून पाहिलं. दर मिनिटाच्या इवल्याशा पिशव्या थांबल्या होत्या. आता तिकडून भरभरून येत होतं आणि इकडूनही तितकंच भरभरून जात होतं. थोडं तिकडून, थोडं इकडून. मध्ये एक लांब थांबा, दोन्हीकडे जवळजवळ काही नाही. मग पुन्हा दोन्हीकडून एकदमच.

"चोर आहे?" शंकासुर माझ्या खांद्यावरून डोकावला. "आतलं सगळं उपसून नेतोय वाटतं."

"नाही रे," मी म्हटलं. "बोलताहेत."

"कशावरून?"

मी लाल दिवा माझ्या हाताने हिरवा केला, त्याला दंडाला धरून जिन्याकडे ओढत नेलं आणि म्हटलं, "चल, पेढे घेऊन येऊ. साहेबांच्या नावावर."