बर्फ न घालता

“हे काय काढलंत, आजी?” विक्रेत्यानं विचारलं.

“नासपती,” मी म्हटलं आणि पर्समधून छोटी सुरीही काढली. “चार फोडी करून देते. या मशीनमध्ये घाला, वर पाव पेला पाणी ओता आणि फिरवा.”

विक्रेते पन्नाशीचे होते. गळ्यात टाय, चष्मा कपाळावर. आतापर्यंत त्यांचे मला बाराशे वॅट सांगून झाले होते, आठ बटणं दाखवून झाली होती. एक बटण स्मूदीचं, एक सूपचं, आणि एक दाबलं की भांडं म्हणे आपलं आपणच धुऊन निघतं.

“आम्ही डेमो बर्फावर देतो,” ते म्हणाले. “बघा तर खरं, कसा भुगा होतो.”

“बर्फाचं काय कौतुक? तो जमिनीवर आपटला तरी फुटतो.”

हे वाक्य माझं नव्हतं. माझ्या मुठीत कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं आणि त्याच्या पाठीवर वन्संच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, अक्षरात सगळं लिहून दिलेलं होतं. आकडे ऐकू नकोस. बटणं मोजू नकोस. नासपतीच्या गरात बारीक वाळू असते, साधं मशीन ती तशीच ठेवतं. फिरवून झालं की दोन बोटांत चोळून बघ. वाळू लागली तर सरळ घरी ये.

आठ बटणांच्या मशीनमध्ये वाळू लागली. दुसऱ्यातही लागली, वर जळका वासही आला. तिसरं मशीन खालच्या फळीवर होतं, करडं, बोजड, एकच खटका असलेलं. ते काढायला विक्रेते नाखूश दिसले.

“हे हॉटेलवाले नेतात. आवाज फार करतं. घरात नको वाटेल तुम्हाला.”

“वाटू दे.”

त्यातला गर मी बोटांत चोळला. पुन्हा चोळला. साय असावी तसा.

“याची रबराची रिंग सुटी मिळते का?”

आता मात्र त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “मिळते. तुम्हाला हे शिकवलं कुणी?”

“आमच्या वन्संनी. सव्वीस वर्षं असल्याच काउंटरच्या पलीकडे उभ्या होत्या. हेच करायच्या.”

“मग त्यांनाच आणायचं ना बरोबर!”

“बांधा हे,” मी म्हटलं.

ही खरेदी वन्सं असतानाची; त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी या घरात आले तेव्हा त्या शिकत होत्या. पुढं नोकरी धरली, लग्नाचं दोनदा जमत आलं आणि दोन्हीदा मोडलं, आणि मग तो विषय घरात कुणी काढेनासं झालं. नोकरी म्हणजे घरगुती उपकरणांच्या मोठ्या दुकानात डेमो द्यायचा. निळा एप्रन बांधून दिवसाला चाळीस वेळा मशीन फिरवायचं, कागदी पेल्यांत स्मूदी ओतून गिऱ्हाइकांना द्यायची आणि त्यांच्याकडे बघत राहायचं. “पहिला घोट भिडेखातर असतो, वहिनी,” त्या सांगायच्या. “दुसरा घोट खरा. दुसरा घेतला की समज, गिऱ्हाईक आपलं.” मशीनच्या आवाजावर चढून बोलायची त्यांना सवय. मशीन बंद करून जो बोलतो तो कच्चा, असं त्यांचं मत. गल्लीतली पोरं त्यांना घर्रर मावशी म्हणायची, आणि त्याही ओ द्यायच्या.

पण आमच्या घरी मशीन नव्हतं. “घरी आलं की मला ती गरगर नको,” हा त्यांचा नियम. मी जन्मभर खलबत्त्यात कुटत राहिले. आमचे हे हसायचे. “जगाला मशीन विकते आणि घरात भावजय कुटतेय. दिव्याखाली अंधार!” वन्सं म्हणायच्या, “तुझ्या बायकोचे दंड बघ किती बळकट झालेत. नाहीतर तुला आवरलं असतं का तिनं?”

हे गेले. मुलगी लग्न होऊन लांब गेली. मागं राहिलो आम्ही दोघी. मग वन्संच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, तेहतीस दिवस किरणांचे शेक झाले. दुखणं गेलं, पण जाताना आवाज आणि गिळणं दोन्ही घेऊन गेलं. आवाजाची कुजबुज उरली. घास खाली उतरेना. साडेएकोणचाळीस किलो वजन भरलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकडा लिहिला आणि त्याला गोल केला: अडतीस.

“तीन आठवड्यांनी या. तोपर्यंत पातळ, पौष्टिक, गुठळी नसलेलं जे जाईल ते द्या. अडतीसच्या खाली गेल्या तर मात्र नाकातून नळी घालावी लागेल. माझा नाइलाज आहे.”

रिक्षात वन्संनी माझा दंड धरला आणि कानाशी आल्या. “नळी नाही हं, वहिनी. मी अख्ख्या गावाला प्यायला लावलंय. मला नाकानं पाजू नकोस.”

म्हणून ते करडं मशीन आलं.

पहिल्या दिवशी वन्संनी स्टूल ओढून ओट्याजवळ बसून सगळं माझ्याकडून करवून घेतलं. बोटानं दाखवायच्या. आधी दूध. मग पिकलेली दोन केळी. मग सफरचंद, मग मध. पातळ खाली, मऊ त्याच्यावर, कडक शेवटी. म्हणजे पातं अडकत नाही. आणि सगळ्यात वर मूठभर बर्फ.

“बर्फ कशाला? घसा अजून कच्चा आहे तुमचा.”

“बर्फाशिवाय डेमो होत नाही.”

“डेमो कुणाला द्यायचाय इथे? मला?”

“घाल म्हटलं ना.”

मी घातला. इतक्या वर्षांच्या माहितगार बाईपुढं मी काय बोलणार? मशीन फिरलं तेव्हा वन्संची पाठ ताठ झाली, सवयीनं त्या बोलायलाही लागल्या असाव्यात, ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. पेला हातात घेतला. पहिला घोट घेतला आणि तो गार घोट घशाला भाल्यासारखा लागला. श्वास कोंडला, डोळे पांढरे झाले, पेला फुटला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. खोकला थांबायला दहा मिनिटं लागली.

पुढचे दोन दिवस त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. चमचा चमचा कोमट दूध, तेही माझ्यासाठी म्हणून. घरच्या काट्यावर वजन अडतीस आणि वर जेमतेम चारशे ग्रॅम.

तिसऱ्या दिवशी मी उशी नीट करत होते तेव्हा म्हणाल्या, “बर्फ का घालायचो माहीत आहे? गार झालं की जीभ बधिर होते. खरी चव कळत नाही. मग कसलंही असलं तरी सगळ्यांना छानच लागतं. पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं मला. आणि मी ते इतकं घोकलं की स्वतःलाही तेच पाजलं.”

“तुम्हाला आवडायची का ती स्मूदी?”

“मला? सव्वीस वर्षांत एक पेला पुरता प्यायले नाही. गोड गोड. शी!”

मला हसू फुटलं. त्याही हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या.

“मग तुम्हाला आवडतं तरी काय, वन्सं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला माहीत नाही? सत्तेचाळीस वर्षं वाढतेयस मला.”

मला माहीत नव्हतं. ह्यांना कडेचं खरपूस आवडायचं ते माहीत होतं. लेकीला मधलं मऊ. दूधवाल्याला चहात साखर किती लागते, तेसुद्धा मला पाठ होतं. वन्सं दुकानातून उशिरा यायच्या, पातेल्यात जे उरलं असेल ते घ्यायच्या आणि “छान झालंय” म्हणायच्या. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. मी उशीचा अभ्रा उगाचच सारखा करत बसले.

“जाऊ दे गं,” त्या म्हणाल्या. “मलाही कुठं माहीत आहे?”

तेव्हापासून आम्ही बर्फ बंद केला आणि शोध सुरू केला. पपई फिरवली, तिला औषधाचा वास आला. नासपती “मशीनच्या परीक्षेपुरती ठीक” निघाली. मी बटाटा उकडायला घेतला तर स्टुलावरून टाळी वाजवून मला थांबवलं. “बटाटा मशीनमध्ये फिरवला की डिंक होतो. माझं तोंड चिकटवायचंय का तुला?”

“विचार वाईट नाही.”

“चिकटवलंस तरी खुणांनी बोलेन मी.”

थट्टा चालायची, पण पेले अर्धे राहायचे. दुसरा घोट काही येत नव्हता. नवव्या दिवशी काट्यानं अडतीस आणि शंभर ग्रॅम दाखवलं. मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

दहाव्या दिवशी माझ्या स्वतःच्या जेवणासाठी गाजरं उकडली होती. मीठ घातलेलं ते पाणी पातेल्यात निवत होतं. वन्सं स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी सहज बोट बुडवलं आणि चाखलं. मग पुन्हा बुडवलं.

“हे,” त्या म्हणाल्या.

“हे काय? मीठपाणी आहे ते.”

“खारट आहे. मला खारट आवडतं, वहिनी.” कुणी हरवलेलं माणूस सापडल्यासारखं त्यांनी ते सांगितलं.

मग मात्र त्यांच्या अंगात आलं. गाजर मऊ झालंय का, बोटानं दाबून बघ. मूठभर शेंगदाणे सालं काढून भिजत टाक, चांगले फुगू देत, त्यांनी वजन धरेल. लोण्याचा गोळा घाल, हात आखडू नकोस. कोमट होऊ दे आधी. कढत घालून फिरवलंस तर झाकण छताला जाऊन चिकटेल. पूर्ण तीन मिनिटं फिरव. तीन म्हणजे तीन, घड्याळ बघ. मी बघितलं. मग गर बोटांत चोळला, गाळणीतून गाळला आणि पेला पुढं केला.

एक घोट. गळ्यातली शीर हलली. मी ओटा पुसत राहिले, एकच जागा. मग दुसरा घोट.

“चिमूटभर मीठ अजून,” वन्सं म्हणाल्या.

“आता याला स्मूदी कोण म्हणेल?”

“मी म्हणेन. इतकी वर्षं मीच ठरवत आले.”

एक पेला संपायला चाळीस मिनिटं लागायची. दिवसाला चार पेले. शेजारीण एकदा विचारून गेली की घरात पिठाची गिरणी टाकली का. मी म्हटलं, हो, दळण घेऊन या. काट्यावर मी रोज सकाळी बघायची. अडतीस दोनशे. अडतीस शंभर. दोन दिवस तिथंच. अडतीस तीनशे.

तीन आठवडे भरले त्या सकाळी मी घाबरले होते. घरचा काटा जुना, त्याचा काय भरवसा? निघताना वन्संना स्वेटर घातला आणि त्यांचं लक्ष नाही असं बघून त्याच्या खिशात कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला. चांगला वजनदार जुडगा, सगळ्या घराच्या किल्ल्या.

रुग्णालयात वजनाचा काटा डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर, बाकांच्या समोरच होता. नर्सनं नाव पुकारलं. वन्सं उठल्या, काट्यापाशी गेल्या आणि थांबल्या. स्वेटरच्या खिशात हात घातला. जुडगा बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“वन्सं, राहू दे ना,” मी हळूच म्हटलं. “कुणाला कळणार आहे?”

“मला.”

“नळी घालतील हो!”

“घालू देत. पण खरं वजन बघून घालू देत.”

मग त्यांनी स्वेटरही काढला. घडी घातली, माझ्या हातावर ठेवला. चपला काढून मला दिल्या. मनगटावरचं घड्याळ सोडलं. चष्मा काढला. नर्स म्हणाली, “अहो आजी, चष्म्यानं काही होत नाही.” वन्सं मान हलवून हसल्या आणि भिंतीचा आधार न घेता काट्यावर चढल्या.

आकडे भराभर फिरले, अडखळले, थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी, मला काही दिसेना. वन्संना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

“अडतीस दोनशे,” नर्स म्हणाली. “छान. उतरा आता.”

वन्सं उतरल्या नाहीत. त्यांनी नर्सला बोटानं खूण केली, पुन्हा एकदा म्हण. नर्सनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. बाकांवरच्या लोकांनी वर पाहिलं. आणि काट्यावर त्या उभ्याच, पातळ कपड्यांत, अनवाणी, हनुवटी वर. आणि मी खाली, स्वेटर, चपला, घड्याळ, चष्मा आणि किल्ल्या छातीशी धरून, काही पडू नये म्हणून हलत नव्हते.