उजाडलं का

१९६७ सालच्या फागुनात शालिकराम उकव्याच्या मँगनीज खाणीत सकाळच्या पाळीला उतरला. दुपारी घरी आला तो जेवलाच नाही. गोदाबाईनं ताट सरकवलं तसा म्हणाला, "माय, आज दगडातून लेकराचा आवाज आला. उजाडलं का, म्हणून विचारे."

गोदाबाईचा हात थांबला. "तू काय म्हणलास?"

"हौ म्हणलो. तोंडातून निघून गेलं."

ही गोष्ट तिनंच त्याला लहानपणी सांगितली होती. माणसं आधी भुईच्या पोटात राहत, अंधारात, बिननावाची. चंद्रानं हाका मारून त्यांना वर आणलं, सूर्यानं एकेकाचं तोंड पाहून नाव दिलं. एका बाईचं लेकरू मात्र झोपेत होतं. ती परत वळली, तोवर दगड मिटला. ते आतून अजून विचारतं. त्याला हौ म्हणू नये. ते बाहेर आलं, की हौ म्हणणाऱ्याला त्याच्या जागी आत जावं लागतं.

"बुढ्यांच्या गोष्टी आहेत," शालिकराम म्हणाला. पण त्याची बोटं गार पडली होती, आणि भर दुपारी त्याला दिसेनासं होत चाललं होतं.

"माय, दिवा लाव ना."

गोदाबाईनं त्याचा हात धरला आणि त्याला खाणीच्या तोंडाशी आणलं. दुपारची पाळी केव्हाच आत उतरली होती. ती वाकून आत बोलली, "नाही उजाडलं, बाळा. अजून लई रात आहे. नीज."

आतून गार वारा आला. मग अगदी जवळून आवाज आला, "माय, तू आलीस?"

तिनं ओठ दाबून धरले. पुन्हा तेच विचारलं गेलं, मग नाही.

शेजारी शालिकराम डोळे चोळत होता. "दिसून राह्यलं आता," तो म्हणाला. "कोणी काही बोललं काय?"

"नाही," गोदाबाई म्हणाली.

शालिकराम पुढं वीस वर्षं त्याच खाणीत राबला. त्याला परत काही ऐकू आलं नाही. गोदाबाई मात्र दर इतवारी, काम बंद असताना, खाणीच्या तोंडाशी जाऊन बसे. चौकीदार मोतीलालनं एकदा विचारलं, "काहून येता, मावशी?"

"खोटं बोलली मी लेकराशी," ती म्हणाली. "जागं झालं तं कोणी पाहिजे ना."