हाकेला येणारं पिल्लू

शिकाऊ म्हणून वन्यप्राणी उद्यानात राहायला आलेल्या त्या पोरीला तिथले सगळे मौनीबाई म्हणायचे. खरं तर गप्प बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. घरी तिची बडबड ऐकून आई कानांवर हात ठेवायची. पण इथे तिची खोली होती अगदी मागच्या टोकाला, आणि खिडकीपलीकडे जाळीआड लांडग्याचं एक पोरकं पिल्लू होतं.

मोठं झालं की त्याला रानात सोडायचं होतं. म्हणून माणसाचा आवाज त्याच्या कानावर पडता कामा नये, असा तिथला कडक नियम. मांस नळीतून आत सारायचं, तेही लपून. साफसफाईला आत जायचं झालंच, तर पत्र्याचा डबा बडवत जायचं, म्हणजे ते भेदरून झुडपात पळे. माणूस दिसला की पळायचं, एवढंच त्याला शिकवायचं होतं. इतकं गोजिरवाणं पिल्लू आणि त्याला असं घाबरवायचं! सुरुवातीला ती डबा बडवून परत यायची आणि उशीत तोंड खुपसून रडायची. फोन करायलासुद्धा पार फाटकाबाहेर जावं लागायचं, म्हणून तो क्वचितच व्हायचा. आईला वाटायचं, पोरगी आपल्याला टाळतेय.

शेवटी एक दिवस आईच येऊन थडकली. पोरीने ओठांवर बोट ठेवून तिला खोलीत नेलं, शंभर खुणा केल्या. पण आईच ती. खिडकीतून झुडपाआड दोन कान दिसले मात्र, तिच्या तोंडून निघालंच, "ये रे बाळा, ये!"

आणि पिल्लू आलं. धावत, शेपटी हलवत आलं आणि जाळीला नाक लावून उभं राहिलं.

"अगं, किती गुणी आहे हा!" आई खूश झाली. "हाक मारली की येतो की!"

पोरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाक कळते म्हणजे ती आधी कुणीतरी मारलेली आहे. आईला तिथेच सोडून ती तरातरा संचालकांच्या खोलीत शिरली.

संचालक खुर्चीत रेलून बसले होते. "अगं, तुझ्या सुट्टीच्या दिवशी देणगीदारांची मुलं येतात," ते म्हणाले. "दोन हाका मारतात, मांसाचे दोन तुकडे टाकतात. एवढं काय आभाळ कोसळलं?"

"सर, रानात सोडल्यावर मेंढपाळाने कुत्र्याला हाक मारली तरी हे धावत जाईल. काठ्यांनी ठेचतील त्याला!"

"उद्या तपासणीला वनखात्याच्या डॉक्टरबाई येतायत. त्या जाळीजवळून नुसत्या चालत जातात, बोलत नाहीत. पिल्लू पळालं की पास. आणि हाक न मारता आलेल्या माणसाला ते घाबरतंच. ते काम तू चोख केलंयस." ते हसले. "सोडायच्या सोहळ्याला फोटोवालेही बोलावलेत. तू फक्त तोंड बंद ठेव. सवय आहेच तुला."

घसा तिने कोंडायचा, रडायचंही तिनेच, आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला हे महाशय! पण त्याहून जास्त तिला झोंबलं ते हे, की त्यांच्या लबाडीवर पांघरूण पडणार होतं ते तिच्याच प्रामाणिक कामाचं. आई रात्रभर कुजबुजत समजावत राहिली, "मोठ्यांशी वाकडं घेऊ नकोस बाई."

सकाळी डॉक्टरबाई जाळीजवळून चालत गेल्या. पिल्लू बाणासारखं झुडपात घुसलं.

"छान," बाई परत येऊन हळूच म्हणाल्या. संचालकांची छाती फुगली.

पोरगी जाळीकडे निघाली. आपण बोललो की त्याला रान कायमचं बंद होणार, हे तिला माहीत होतं. नाही बोललो तर काय होणार, तेही माहीत होतं.

"मागे हो!" संचालकांनी दात-ओठ खात तिचा दंड धरला.

तिने हिसडा मारून तो सोडवला आणि ओरडली, "ये रे! ये, सोन्या, ये!"

झुडूप हललं. पिल्लू आधी जरा बिचकलं, आणि मग धावतच आलं.

डॉक्टरबाईंनी तपासणीच्या कागदावर काट मारली. "याला सोडता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"कधीच?" पोरीने विचारलं.

"कधीच नाही."

"आजच्या आज खोली रिकामी कर!" संचालक गरजले. तिने ऐकलंच नाही. पिल्लू जाळीतून जीभ काढून तिची बोटं चाटत होतं. इतक्या महिन्यांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता. ते मांसाचा तुकडा शोधत होतं, आणि तिचा हात रिकामा होता.

"कशाला आलास रे मूर्खा!" ती त्याच्यावरच ओरडली. "कशाला आलास!"

तिचा आवाज ऐकून ते आणखीच जोरात शेपटी हलवू लागलं.